कुत्र्याला आंबा: फोड द्या, पण बाठे मोजा

एप्रिल उजाडला की आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रश्न ठरलेले. एक, पेटी कितीला मिळाली. दुसरा, ज्यांच्या घरी नुकतंच कुत्रं आलंय त्यांचा: "आम्ही आंबा खायला बसलो की हा टक लावून बघतो. दिला तर चालेल का?" पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर कोणी देत नाही. दुसऱ्याचं उत्तर दरवर्षी टाइप करून मी कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

पिकलेल्या आंब्याचा गर कुत्र्याला विषारी नाही. धडधाकट कुत्र्याने चार फोडी खाल्ल्या तर काही बिघडत नाही. बिघडतं ते बाठ्याने. आमच्याकडे बाठा म्हणतात, माझी पुण्याची जाऊ कोय म्हणते. आतड्यात अडकायच्या बाबतीत दोन्ही सारखेच. त्यामुळे पुढच्या पायऱ्यांमध्ये आंबा कसा द्यायचा हे थोडंसंच आहे, आणि बाठ्यावर नजर कशी ठेवायची हे जास्त.

पायरी १: आपल्या कुत्र्याला आंबा चालणार आहे का, ते आधी बघा

शंभर ग्रॅम गरात साधारण ६० कॅलरी आणि १४ ग्रॅमच्या आसपास साखर असते. म्हणजे जवळपास तीन लहान चमचे. आपल्याला ही साखर मोठी वाटत नाही, कारण आपण तीस किलोचे नसतो आणि दिवसभर सोफ्यावर पडून नसतो (निदान रोज नाही).

मधुमेह असलेल्या कुत्र्याला आंबा देऊ नका. पूर्वी स्वादुपिंडाला सूज येऊन गेली असेल, डॉक्टरांनी खास पथ्याचं खाणं लावून दिलं असेल किंवा वजन उतरवायला सांगितलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. लॅब्रेडॉर आणि पग यांचं वजन कधी वाढतं ते कळतही नाही. वरून हात फिरवल्यावर बरगड्या हाताला लागत नसतील तर आंबा राहू द्या, काकडी द्या. आज पोट बिघडलेलं असेल तर आज नको. दोन-तीन महिन्यांचं पिल्लू नुकतंच घरी आलं असेल तर त्याच्या पोटाला आधी रोजच्या खाण्याची सवय होऊ द्या. आंबा काय, पुढच्या वर्षीही येणार आहे.

पायरी २: आंबा कोणता

वाशीच्या मार्केटमधून पेटी आणा नाहीतर जांभळी नाक्यावरून डझन, कुत्र्याच्या दृष्टीने फरक नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या जोडीला रायगड, ठाणे आणि पालघर हेही जिल्हे आहेत, तेव्हा आपणही हापूसवर थोडा हक्क सांगायला हरकत नाही. पण कुत्र्याला मानांकन कळत नाही. आमच्या घरचा नियम सरळ आहे: माणसांना हापूस, आमच्या कुत्र्याला, म्हणजे बंड्याला, केशर. सासूबाई हा नियम रोज मोडतात.

बघायचं ते एवढंच की आंबा नीट पिकलेला हवा. कैरी नको, आंबट असते आणि चीकही भरपूर. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळं पिकवायला आपल्याकडे बंदी आहे, इथिलीन वायू ठरावीक प्रमाणात चालतो. तरी बाहेरून पिवळाधमक आणि आतून कच्चा, वासच नसलेला आंबा हाती आला तर तो कुत्र्याला देऊ नका, खरं तर स्वतःही खाऊ नका. अर्धा तास पाण्यात भिजवून, चोळून धुवायची आपली जुनी पद्धत आहेच, तीच कुत्र्याच्या आंब्यालाही.

पायरी ३: कापायचा कसा

देठाकडचा भाग अंगठ्याच्या नखाएवढा कापून टाका. चीक तिथेच साठतो. साल पूर्ण काढा. आंब्याच्या सालीत आणि चिकात अंगाला खाज आणणारे पदार्थ असतात. आंबे उतरवणाऱ्यांच्या हातावर चट्टे उठलेले तुम्ही पाहिले असतील. शिवाय साल चिवट असते, कुत्री ती चावत नाहीत, गिळतात, आणि दुसऱ्या दिवशी तशीच्या तशी बाहेर येते. नाही आली तर मग काळजी.

दोन्ही बाजूंचे गाल कापून घ्या, त्यातूनच फोडी करा. बाठ्याला चिकटलेला गर चमच्याने खरवडून देऊ नका, त्यात रेषा जास्त असतात. फोडी बोराएवढ्या. मोठी फोड दिली तर लॅब्रेडॉर ती तोंडातून सरळ पोटात पोचवतो, चव बहुधा वाटेत कुठेतरी राहून जाते.

भांडं त्याचंच ठेवा. आपल्या ताटातून एकदा दिलं की मेअखेरपर्यंत दर जेवणाला तो तुमच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून बसणार. आणि खाऊन झाल्यावर तोंड पुसा. आमच्या शेजारच्या शित्झूच्या दाढीत एकदा गर वाळून राहिला, तो झोपला आणि अर्ध्या तासात लाल मुंग्यांची रांग जिन्यावरून थेट त्याच्या हनुवटीपर्यंत. बिचारा केकाटत उठला.

पायरी ४: किती

बिस्किटं, च्यूस्टिक, फळं, आजीने गुपचूप दिलेला पोळीचा तुकडा, हे सगळं धरून वरचं खाणं दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसवायचं, असा साधारण हिशोब पशुवैद्य सांगतात. अठरा किलोच्या गावठी कुत्र्याला दिवसाला हजारच्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाण्याला शंभर. आता तुम्हीच बघा, सकाळी फिरताना चहावाल्याने चार ग्लुकोज बिस्किटं घातली असतील तर आंब्याला जागा उरतेच किती.

मी सांगते ते प्रमाण याहून कमीच आहे, कारण कॅलरीत बसलं तरी पोटाला सोसेलच असं नाही. पाच किलोपर्यंतच्या पॉमेरेनियन किंवा शित्झूला बोराएवढी एखाद-दुसरी फोड. बीगल किंवा मध्यम गावठी असेल तर तीन-चार. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड यांना पाच-सहा. रोज नाही, आठवड्यातून दोनदा.

पहिल्या वेळी तर एकच फोड. सकाळी द्या, रात्री नको, म्हणजे काही झालंच तर डॉक्टर जागे असतील. मग दिवसभर बघा: ओठ किंवा डोळ्यांभोवती सूज, सारखं तोंड जमिनीवर घासणं, उलटी, पातळ शी. एखादवेळ शी सैल झाली तर घाबरू नका, आंबा बंद करा. दिवसभरात थांबली नाही तर दवाखाना. चेहरा सुजला तर मात्र वाट बघू नका.

आंबा चालतो, म्हणजे आमरस चालतो असं नाही

इथे बहुतेकजण फसतात. रस आपण नुसता खात नाही. त्यात साखर, दूध, वरून तुपाची धार आणि मिरपूड. तूप कुत्र्याच्या स्वादुपिंडाला जड जातं, दूध पूर्ण वाढ झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना पचत नाही. आम्रखंडात जायफळ असतं, आणि जायफळ जास्त प्रमाणात कुत्र्याला बाधतं. आंबापोळीत साखर, पन्ह्यात गूळ, लोणच्यात मीठ आणि तेल. शुगर फ्री आंबा बर्फी किंवा आइस्क्रीम असेल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते बघा. ते थोडंसंही कुत्र्याची साखर झपाट्याने खाली आणतं आणि यकृतालाही धक्का देऊ शकतं.

पायरी ५: बाठे मोजा

आता मुख्य गोष्ट. ही मला कशी कळली तेही सांगते.

दोन वर्षांपूर्वीचा मे, रविवार. डोंबिवलीहून नणंद आणि तिची मुलं आली होती. पायरीचा रस, पुऱ्या, बटाट्याची भाजी. रस काढून झाल्यावर बाठे परातीत टाकले, मुलं परात घेऊन बाल्कनीत चोखत बसली. बंड्या त्यांच्यात. संध्याकाळी मी बाठे गोळा केले, ओल्या कचऱ्यात टाकले, परात घासली, विषय संपला.

सोमवारी सकाळी बंड्याने पिवळं पाणी ओकलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे उन्हाळ्याचं पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. त्यांना तरी काय बोलणार? "काय खाल्लं?" असं विचारल्यावर मीच म्हणाले होते, "रोजचंच, दहीभात." मंगळवारी जरा बरा वाटला. बुधवारी पाणी प्यायला की पाच मिनिटांत बाहेर. पाठीला बाक काढून कोपऱ्यात उभा, बसेना. शी दोन दिवस नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात परात आली. भाच्याला फोन लावला. पलीकडे बराच वेळ शांतता, मग बारीक आवाजात: "मामी, त्याने माझ्या हातातला घेतला होता. मला वाटलं खेळायला नेतोय. तू ओरडशील म्हणून..."

दुसऱ्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. बाठा त्यात दिसलाच नाही, फक्त वाऱ्याने फुगलेलं आतडं दिसलं. बाठा म्हणजे शेवटी लाकूडच, हाडासारखा किंवा नाण्यासारखा तो एक्स-रेत पांढरा उठून दिसत नाही. सोनोग्राफीत सापडला, रात्री ऑपरेशन झालं. स्टीलच्या ट्रेमध्ये डॉक्टरांनी दाखवला: काळा पडलेला, एका बाजूचे केस झडलेले, माझ्या तर्जनीएवढा लांब. पाच आकडी बिल, टाके चाटू नयेत म्हणून दहा दिवस गळ्यात कोन, आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडे जे सुरू झालं ते असं. आंबे कापायला किंवा पिळायला घेतले की आकडा फ्रिजवरच्या पाटीवर लिहायचा. बाठे झाकणाच्या एका डब्यात. चोखायचे असतील तर टेबलावर बसून, आणि चोखून झाल्यावर परत त्याच डब्यात. शेवटी मोजणी. चौदा आंबे तर चौदा बाठे. आकडा जुळला की पिशवीला गाठ मारून कचऱ्यात, आणि तो कचरा रात्रभर घरात नाही. पाहुण्यांना पहिल्यांदा हसू येतं. मुलांना मात्र मोजायला फार आवडतं, त्यामुळे हे काम त्यांनाच द्या. आणि आधीच सांगून ठेवा की कुत्र्याने बाठा पळवला तर लगेच सांगायचं, कोणी ओरडणार नाही. माझ्या मते या सगळ्या यादीतली ही सगळ्यात महत्त्वाची सूचना आहे, आणि ती कुत्र्यासाठी नाहीच.

आणखी दोन जागा लक्षात ठेवा. झाड लावायला म्हणून खिडकीत वाळत घातलेले बाठे, आणि गच्चीवरची खताची बादली. आंबे संपल्यावरही महिनाभर तिथे बाठे असतात.

मोठा चपटा हापूसचा बाठा कुत्रं निदान चघळत बसतं, तुम्हाला दिसतं. लहान रायवळ आंब्याचा बाठा जास्त धोक्याचा, कारण तो लॅब्रेडॉरच्या घशातून आरामात जातो.

बाठा गेलाच तर

घरी उलटी करवू नका. मिठाचं पाणी पाजायचा सल्ला अजूनही कोणी ना कोणी देतं. तेवढं मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं, आणि वर येताना बाठा अन्ननलिकेत अडकला तर दुखणं दुप्पट. तूप, केळं, एरंडेल पाजून "सरकवायचा" प्रयत्नही नको. खाणं थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा.

फोनवर हे सांगा: बाठा गिळला, किती वाजता, किती मोठा, कुत्र्याचं वजन किती. त्याच आंब्याचा दुसरा बाठा बरोबर घेऊन जा, डॉक्टरांना अंदाज येतो. गिळून थोडाच वेळ झाला असेल तर दवाखान्यात औषधाने उलटी करवायची का, दुर्बिणीने काढायचा का, की वाट बघायची, हे ते ठरवतील. लवकर गेलात तर पर्याय जास्त असतात.

आणि एक दिवस ठीक गेला म्हणून सुटलो असं समजू नका. बाठा पोटात काही दिवस, कधी काही आठवडेही, गपचूप पडून राहतो आणि मग पुढे सरकून आतड्यात अडकतो. पुन्हा पुन्हा उलट्या, खाण्याकडे पाठ, पोटाला हात लावू न देणं, शी न होणं किंवा नुसतं कुंथणं, पुढचे पाय पसरून मागचा भाग वर करून उभं राहणं: यातलं काहीही दिसलं तर "पंधरा दिवसांपूर्वी आंबा खाल्ला होता" हेही डॉक्टरांना सांगा.

ठाण्यात सगळ्याच दवाखान्यांत सोनोग्राफी नसते. आंबे सुरू होण्याआधी दोन फोन करून ठेवा: रात्री कोण बघतं आणि ऑपरेशनची सोय कुठे आहे. पूर्व द्रुतगती मार्गाने परळचं बैलघोडा हॉस्पिटल गाठणारे ठाणेकर बरेच आहेत, पण मुलुंड आणि भांडुपची गर्दी धरून निघा. नंबर फ्रिजवर, पाटीच्या शेजारी.

आंब्याच्या निमित्ताने: हे मात्र कधीच नाही

आंबा दिला की माणसाचा हात सैल होतो, मग "द्राक्षं पण देऊया का" सुरू होतं. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला अजिबात नाहीत. एखाद्या कुत्र्याला काही होत नाही आणि एखाद्याची मूत्रपिंडं एक ते तीन दिवसांत बंद पडतात. किती खाल्ले तर चालतं असा सुरक्षित आकडा नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला मनुका हाही मनुकाच. प्रसाद म्हणून बोट चाटवायचा मोह होतो, मी समजू शकते, पण नको.

२०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यांनी असं मांडलं की यामागे टार्टारिक आम्ल असावं. हे आपल्यासाठी महत्त्वाचं, कारण तेच आम्ल चिंचेत भरपूर असतं. म्हणजे चिंचगुळाची आमटी कालवलेला भात, पाणीपुरीची चटणी, चिंचेच्या गोळ्या, सगळं बाद. आमटीत कांदा-लसूण असेल तर आणखी एक कारण.

चिकू द्यायचा तर बी काढून. त्या बीला टोकाशी हुकासारखा आकडा असतो. कलिंगड बिया आणि साल काढून. केळं चालतं.

शेवटची पायरी: "सोड"

घरात मोजणी होते, बाहेर होत नाही. मेच्या शेवटी येऊरच्या रस्त्याला आणि उपवनच्या बाजूला झाडांखाली रायवळ आंब्यांचा सडा पडतो. त्यातले अर्धे किडलेले, काही आंबून फसफसलेले. अशा फळात अल्कोहोल तयार होतं आणि कुत्रं खरोखर झिंगतं. गमतीचं वाटतं, पण उलट्या करत झोकांड्या खाणारं कुत्रं पाहिलंत तर हसू येणार नाही. तिथे पट्टा आखूड धरा, फोन खिशात ठेवा.

आणि "सोड" शिकवा. तोंडातलं ओढून काढायला गेलात तर कुत्रं घाईने गिळून टाकतं, बंड्यानेही बहुधा तेच केलं असावं. सौदा करा. घरी खेळणं तोंडात असताना नाकाशी काहीतरी चविष्ट धरा, तोंड उघडलं की "सोड" म्हणा, खाऊ द्या आणि खेळणंही परत द्या, म्हणजे सोडण्यात तोटा नाही हे त्याला पटतं. रोज पाच मिनिटं, दहा-बारा दिवस. मग खेळण्याच्या जागी बूट, मग काठी.

परवा येऊरच्या फाटकापाशी बंड्याच्या तोंडात बाठा दिसला. मी खाली बसले, डब्यातली केशरची फोड त्याच्यापुढे धरली, "सोड" म्हणाले. त्याने बाठ्याकडे बघितलं, फोडीकडे बघितलं, जरा विचार केला आणि बाठा माझ्या चपलेवर टाकला. तो पिशवीत घालून घरी आणला. सासूबाई म्हणाल्या, "आता हा कशाला आणलास? आजचे आठ मोजून झालेत, उगाच नऊ व्हायचे."